होडीची पेटी

माझा पहिला पगार मला लोकांची मतं एका साच्यात बसवण्याबद्दल मिळाला. नागपूरला राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी जगातल्या बऱ्याच देशांच्या निवडणुकांचे निकाल जमवायला घेतले होते, म्हणजे एका देशाचा निकाल दुसऱ्याच्या शेजारी ठेवून ताडून पाहता यावा. परदेशातले काही अभ्यासक त्यांना आपापल्या देशाचे आकडे पाठवत. ते आले की प्राध्यापकांनी ठरवलेल्या एकाच नमुन्यात उतरवून काढायचं काम माझं. मतदार किती, मत दिलेले किती, बाद किती, कुठल्या पक्षाला किती, आणि उरलेले सगळे ‘इतर’.

बोलायला सोपं आहे, पण एकही देश सरळ वागत नसे. जपानात मतदार उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो, त्यामुळे अक्षर लागलं नाही की मत गेलं. बेल्जियममध्ये मत दिलं नाही तर दंड, म्हणून तिथला मतदानाचा आकडा असा की बाकीच्यांनी मान खाली घालावी. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मतच नव्हतं. एवढ्या पुढारलेल्या देशात! मला वाटलं कागद चुकलाय, मी दुसरं पुस्तक काढून पाहिलं, तर तेच. फ्रान्सवाले कोरी चिठ्ठी आणि बाद चिठ्ठी एकाच ढिगात मोजत आणि प्राध्यापकांना ते दोन ढीग वेगळे हवे असत. मी चिडलो की ते म्हणत, “चिडू नका. त्यांनी जे वेगळं मोजलं नाही ते आपल्याला इथे बसून वेगळं करता येणार नाही.”

माणूस सज्जन होता. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण मला ते शेवटपर्यंत अहो-जाहो करत. मासे मारणाऱ्या ढिवराचं पोर म्हणून त्यांच्या घरी माझं ताट कधी वेगळं पडलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर रागावणार आहे.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, ब्रह्मपुरी आणि सावलीच्या मधल्या धानपट्ट्यात. थोडं धान, बाकी सगळं पोट नदीवर आणि तलावांवर. बा आणि त्याचा जोडीदार यांचा एक डोंगा होता. एक वल्हवायचा, एक जाळं टाकायचा, आणि आलेली मासळी निम्मी निम्मी. दोघांची लग्नं एकाच उन्हाळ्यात झालेली. माझी आई गेली तेव्हा तिरडीला पुढून बा होता आणि मागून जोडीदार. मी त्याला काका म्हणायचो, आणि सख्ख्या काकापेक्षा जास्त मार त्याचा खाल्ला आहे.

तलावांचा लिलाव व्हायचा आणि चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक ठेकेदार ते घ्यायचा. मग ज्या तलावात आमच्या बापजाद्यांनी जाळी टाकली, तिथेच आमची माणसं त्याच्या मजुरीवर मासे काढायची. बाला थोडं वाचता येत होतं. एवढ्यावर तो अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत बसला. कुणी दाद दिली नाही तेव्हा, पहिली निवडणूक लागली तशी, त्याने स्वतःच उभं राहायचं ठरवलं. अपक्ष. चिन्ह मिळालं होडी. त्या दिवशी तो इतका खूश होता की जणू निवडूनच आला.

आजच्या पोरांना सांगावं लागतं, तेव्हा शिक्का नव्हता. दर उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याच्या चिन्हाचं चित्र. मतदाराला एक चिठ्ठी मिळायची. पडद्यामागे एकट्याने जायचं आणि जो आपला त्याच्या पेटीच्या फटीतून चिठ्ठी आत सोडायची. बस्स. बाने रॉकेलच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून घेतली, त्याच्यावर कोळशाने होडी काढली, आणि काठाकाठाने सगळ्या गावांत तो डबा दाखवत हिंडला. डोंगा जोडीदार वल्हवायचा. गाव आलं की बा डबा घेऊन वर चढायचा आणि जोडीदार डोंग्यापाशी बिडी ओढत बसायचा. भाषण ऐकायला तो कधी वर गेला नाही. म्हणायचा, “तुह्यं बोलनं मी रोज फुकटात आयकतो.”

मतदानाचा दिवस बाने लांबच्या केंद्रांवर काढला, गावात तो नव्हताच. बा हरला. हरणार हे बालाही ठाऊक होतं, मोठ्या पक्षापुढे त्याचा काय पाड लागणार. त्याचं त्याला दुःख नव्हतं. मोजणीला तो चांद्याला गेला होता. एकेका केंद्राच्या पेट्या वेगळ्या उघडत होते. आमच्या गावाची होडीची पेटी आली तसा तो पुढे सरकला. मोजणाऱ्याने ती उलटी केली, आणि टेबलावर मूठभर चिठ्ठ्या पडल्या. त्याने पेटी हलवून, बुडाला थापट्या मारून दाखवलं, आणखी काही नव्हतं. लोकांचं पाहून होईतो बा तिथेच उभा होता.

मी तेव्हा सुटीत घरी होतो. बा आला, पाय धुतले, आणि म्हणाला, “आपल्या गावानं मले नाई देल्लं.” त्यानंतर या विषयावर तो घरात बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदाराने रोजच्यासारखी दारातून हाक मारली. बा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जोडीदार जरा वेळ उभा राहिला, परत गेला. असं बरेच दिवस चाललं, मग त्याने यायचं सोडलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. बा एकटाच लहानसं फेकजाळं घेऊन नाल्यावर जायचा. गावाला वाटलं, हरला म्हणून लाजतो. बाला वाटत होतं, यांनीच मला बुडवलं आणि वर तोंड घेऊन दारात येतात. मला गावाचाही आणि बाचाही राग यायचा, पण मी तो बोलून दाखवत नव्हतो, कारण आमच्याकडे बापाला असलं काही विचारत नाहीत.

दुसऱ्या निवडणुकीला बा उभा राहिला नाही. उभा राहिला तो ठेकेदार, आणि काठावर लोकांच्या ओळखीचं झालेलं चिन्ह म्हणून त्याने होडीच मागून घेतली. मोठ्या गावांत त्याने मुनीम फिरवले. आमच्यासारख्या टीचभर गावाकडे कोण बघतो! तोही हरलाच. पण सावलीच्या बाजारात कुणीतरी बाला सांगितलं की, तुमच्या गावची होडीची पेटी या खेपेला गच्च भरली होती. बाने बाजार तसाच टाकला. माझ्यासाठी निघत नव्हती ती चिठ्ठी यांच्या हातून ठेकेदारासाठी निघाली, हे त्याला सोसलं नाही. त्या आठवड्यात त्याने घराला कडी लावली आणि ब्रह्मपुरीला माझ्या बहिणीकडे राहायला गेला. लेकीच्या दारचं खाणं बापाला किती जड जातं हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. तिथे त्याने भाताच्या गिरणीवर काम धरलं. अंगणात धान वाळत घातलेलं असे, ते गुराढोरांपासून राखायचं. जन्मभर पाण्यावर राहिलेला माणूस हातात काठी घेऊन वाळणाऱ्या धानापाशी बसलेला मी पाहिला, आणि नागपूरच्या बसमध्ये चढून परत आलो. त्याला नागपूरला चल म्हटलं तर म्हणाला, “तिथी कोन हाये माह्यं?” मी होतो की. पण ते त्याच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही बोलून दाखवता आलं नाही.

मग प्राध्यापकांनी आपल्या देशाचं काम हाती घेतलं. नमुन्यासाठी एखाद्या जिल्ह्याचे दोन्ही निवडणुकांचे आकडे केंद्रवार लावून पाहू म्हणाले, आणि मी चांद्याचा म्हणून चांदा जिल्हा. पहिल्या निवडणुकीला चांदा मध्य प्रदेशात होता, दुसरीला मुंबई राज्यात. तोच जिल्हा तक्त्यात दोन ठिकाणी बसवायचा. बेल्जियमने तरी असला छळ केला नव्हता. ते कसंबसं निस्तरून मी खाली उतरत गेलो आणि आमच्या गावाच्या ओळीवर आलो. बाच्या खेपेला केंद्रावर वाटलेल्या चिठ्ठ्या एवढ्या, आणि सगळ्या पेट्यांत मिळून सापडलेल्या त्याहून फारच कमी. माणसं केंद्रावर आली होती, चिठ्ठ्या घेतल्या होत्या. मग त्या गेल्या कुठे? प्राध्यापक म्हणाले, “उतरवण्यात चूक असेल. प्रत्यक्ष विचारून या.” त्यांनी बसभाड्याची सोय केली.

त्या केंद्राचा अधिकारी तेव्हा सावलीचा एक शाळामास्तर होता. आता तो निवृत्त होऊन घरीच असे. ओसरीवर बसवून त्याने मला चहा दिला. मी कोणाचा मुलगा हे मी त्याला सांगितलं नाही. प्रश्न ऐकून तो हसला.

“चिठ्ठ्या कुठी जातीन? पेटीवर होत्या,” तो म्हणाला. “मध्ये एकदा पडद्यामागं डोकावलो तं होडीच्या पेटीवर हा ढीग. तांदूळ, कुंकू, झेंडूची फुलं. मीच घाबरलो. जे पेटीत नाई ते मत नाई, असा आमाले हुकूम होता. कोनाची चिठ्ठी कोनत्या पेटीत टाकाची ते मी थोडीच ठरवीन? मंग गोळा केल्या, बांधल्या, अलग पाठवून देल्ल्या.”

“लोकांना सांगितलं नाही, आत टाका म्हणून?”

“आत जाऊन आलेल्या मानसाले, तुनं काय केलं, असं इचाराची मनाई होती नं बाबू.”

मला मास्तराने पुढचं काही सांगायची गरज नव्हती. नवा डोंगा पहिल्यांदा पाण्यात घालतात त्या दिवशी आमच्या गावात त्याची पूजा होते. जे काय वाहायचं ते त्याच्या नाकाडावर, पुढच्या टोकावर, वाहायचं. पोटात त्या दिवशी काही म्हणजे काही टाकत नाहीत, जाळंसुद्धा नाही. आधीच पोटात पडलं तर डोंग्याला वाटतं आपलं पोट भरलं, मग तो वर्षभर मासा घेत नाही. होडीचं चित्र लावलेली कोरी करकरीत पेटी, आणि तिचा पहिला दिवस. आमच्या माणसांनी दुसरं काय केलं असतं? गावाने बाला नाकारलं नव्हतं. गावाने त्याची पूजा केली होती. मी त्या परक्या माणसाच्या ओसरीवर ढसाढसा रडलो, आणि तो बिचारा माझं काय चुकलं म्हणून विचारत राहिला.

तिथून मी नागपूरला न जाता ब्रह्मपुरी गाठली आणि बाला सगळं सांगितलं. त्याने धानावरची नजर काढली नाही.

“पेटी मी माह्या डोयानं पाह्यली,” तो म्हणाला. “मास्तरले का जाते बोलाले? तू माह्यं मन राखून राह्यला.”

“बा, खरं सांगतो.”

“तू जे मोठं काम करून राह्यला, साऱ्या जगाचे मतं लिवतं मनते तुही बहीन, त्याच्यात लिवशीन का हे? छापून येईन का?”

मी म्हटलं, येईल.

प्राध्यापकांपुढे मी तक्ता ठेवला आणि म्हणालो, या ओळीखाली एक तळटीप हवी. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. डोळ्यांत पाणीही आलं असावं. पण तळटीप द्यायला तयार होईनात. “त्या चिठ्ठ्या तुमच्या वडिलांच्याच होत्या हे मला पटतं,” ते म्हणाले, “पण एका गावाला तळटीप दिली तर जपानातल्या न लागलेल्या प्रत्येक अक्षराला द्यावी लागेल. जे पेटीत नाही ते आपल्या तक्त्यात नाही. नाहीतर मग तक्ता कशाला?” मी फार बोललो. असला तक्ता चुलीत घाला, इथपर्यंत बोललो. ते ऐकत राहिले, आणि माझं बोलून झाल्यावर म्हणाले की जेवून जा. मी जेवलो नाही. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलंय आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. राग मात्र गेलेला नाही. पुस्तक पुढे निघालं, ते चांगलं आहे, लोक वापरतात. आमचं गाव त्यात आहे. पहिल्या खेपेला होडीला जवळजवळ काही नाही आणि दुसऱ्या खेपेला भरपूर.

छापील काही मिळत नाही म्हटल्यावर मला एकच सुचलं. मी गावी गेलो आणि बाच्या जोडीदाराला, म्हणजे काकाला, म्हणालो, बाची तब्येत बरी नाही, तुम्हाला बोलावलंय. दोन्हीतलं पहिलं खरं होतं. त्याचा खोकला थांबत नव्हता. काका काही न विचारता उठला. सुकवलेली मासळी पळसाच्या पानांत बांधून घेतली, धोतर बदललं, आणि निघाला. बसमध्ये तो अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत होता. मीही चिठ्ठ्यांचा विषय काढला नाही, कारण मला भीती होती की आधी बोललो तर तिथे जाऊन तो शिकवल्यासारखं बोलेल आणि बा ते लगेच ओळखेल. त्या भेटीनंतर बा फार दिवस जगला नाही. म्हणून ती जशी झाली तशीच लिहितो.

बा गिरणीच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत बसला होता. काका त्याच्या शेजारी जाऊन बसला. पुडकं मध्ये ठेवलं. कोणी राम राम केलं नाही. काकाने बिडी काढली, एक त्याला दिली. बाने ती घेतली, पण पेटवली नाही.

“का गा,” बा म्हणाला, “पह्यल्या खेपेले तुनं चिठ्ठी कुठी टाकली होती?”

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे. मला वाटलं काका आता उठून जाईल. तो उलट गोंधळला.

“टाकीन कायले? ठेवली,” तो म्हणाला. “तुह्या होडीवर. तांदूळ ठेवले, फुल ठेवलं, चिठ्ठी ठेवली, पाया पडलो. साऱ्या गावानं तसंच केलं. पह्यल्याच दिवशी पोटात कोन टाकते गा?”

बाच्या हातातली काठी खाली पडली. एक गाय येऊन धानात तोंड घालत होती, तिला मी हाकललं. परत आलो तर बा रडत होता. आई गेली तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

“मी साऱ्या गावायत डबा घेऊन हिंडलो,” तो म्हणाला. “चिठ्ठी अशी धराची, अशी आत सोडाची. लोकायच्या लेकराबाळायलेबी दाखवलं. एक आपल्याच गावात नाई दाखवलं. आपल्या मानसायपुढं का मतं मागत हिंडाचं, मनलं. मीच नाई सांगतलं गा तुमाले.”

काकाला हे सगळं कितपत कळलं कोण जाणे. बा रडतोय एवढं त्याला दिसलं, आणि त्याने बाच्या पाठीवर हात ठेवला.

“जाऊ दे ना. पह्यल्या खेपेले आमाले नाई समजलं,” तो म्हणाला. “पन दुसऱ्या खेपेले? नवा मास्तर आला होता, त्यानं आंगनात उभं करून साऱ्यायले शिकवलं. आमी मनलं, पूजा तं झाली हाये, आता पोट भराले हरकत नाई. एका मानसानं बाहेर नाई ठेवली. म्हातारीकोतारीले पाठीवर नेलं. तू गावात मतं मागाले नाई आला, पन पह्यल्या खेपेलेबी तू कुठी आला होता? होडी दिसली, साऱ्यायनं होडीतच टाकलं.”

मी बाकडे पाहिलं. बाला कळलं होतं. ती गच्च भरलेली पेटी, ज्या पेटीपायी त्याने घर सोडलं, ती त्याच्यासाठीच भरली होती. आणि गावात अजून कुणाला माहीत नव्हतं की ती कोणाच्या पदरात पडली. मी बोलायला तोंड उघडलं. बाने माझं मनगट धरलं, त्या आजारी माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला मला ठाऊक नाही.

“तरी तू हारला,” काका म्हणाला. “मंग तू गाव सोडून गेला. आमी मनलं, आमचं कमी पडलं असन, मनून रागावला. इतले दिवस तेच वाटून राह्यलं मले. खरं सांग, भेटले का तुले आमचे मतं?”

बाने डोळे पुसले. बिडी काकाच्या बिडीवर धरून पेटवली.

“भेटले ना गा,” तो म्हणाला. “सारेच्या सारे भेटले.”